दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन वर्ग: इंदूरच्या शिक्षकांचे, क्लासवाल्यांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

माझा धंदा वेबसाइट बनवण्याचा. कॉलेजात असताना परीक्षांना लेखनिक म्हणून बसायचे, तेव्हापासून दृष्टिहीन मुलामुलींशी ओळख आहे. ही दोन्ही कामं एकाच बाईकडे आहेत हे गावात कळलं आणि फोन सुरू झाले. भंवरकुआँचे कोचिंगवाले असोत की आमच्या मंडळाचे रविवारचे मराठी वर्ग, प्रश्न साधारण तेच असतात. दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाचं लिहून काढते.

दृष्टिहीन मुलं मोबाइल, कॉम्प्युटर वापरतात तरी कसे?

स्क्रीन रीडर नावाच्या प्रोग्रॅमच्या मदतीने. तो पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. विंडोजवर एनव्हीडीए चालतो. तो फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. जॉज त्याहून जुना, पण विकतचा. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर बहुधा आधीपासूनच असतो, आपण तो कधी चालू केलेला नसतो इतकंच.

एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्क्रीन रीडर मुख्यतः पानामागे लिहिलेला कोड वाचतो, पडद्यावर ते पान कसं दिसतं हे त्याच्या खिजगणतीत नसतं. आणि तो एका वेळी एकच गोष्ट सांगतो. रात्री सराफ्यात उभं राहिलं की भुट्ट्याचा कीस कुठे, जिलबी कुठे, गर्दी कुठे हे डोळ्याला एका नजरेत कळतं. कानाला एकेक दुकान ओलांडत जावं लागतं. त्यामुळे प्रत्येक दुकानावर पाटी हवी आणि दुकानं ओळीने हवीत. नाव आणि क्रम. तुमच्या प्लॅटफॉर्मवरच्या दहातल्या आठ तक्रारी या दोन शब्दांत बसतात.

आमच्या ॲपमध्ये ‘धडा ऐका’ असं बटण आहे. तेवढं पुरे नाही का?

नाही. ते बटण सापडेपर्यंत काय करायचं? लॉगिन, फी, धड्यांची यादी, चाचणी, निकाल, हे सगळं त्या बटणाच्या बाहेर आहे. शिवाय मुलांकडे स्वतःचा आवाज असतो, स्वतःला हव्या त्या वेगाने. सवय झालेली मुलं इतक्या वेगाने ऐकतात की आपल्याला नुसती किरकिर ऐकू येते. त्यांना अक्षर न् अक्षर मागेपुढे करता येतं, तुमच्या बटणाला ते जमत नाही. लहान मुलांसाठी, वाचायला अडखळणाऱ्यांसाठी ते बटण जरूर ठेवा. या हिशेबात मात्र धरू नका.

मग सुरुवात कुठून करायची?

माउस काढून बाजूला ठेवा आणि टॅब, बाण, एंटर एवढ्यावर आपल्याच साइटवर एक धडा उघडून दाखवा. तासाभरात निम्मे दोष तुमचे तुम्हालाच सापडतील.

रामबागेतल्या एका एम.ए.च्या मुलीकडे बसून आम्ही एका क्लासचं ॲप ऐकलं होतं. टॉकबॅक म्हणत होता: बटण. बटण. बटण. अनलेबल्ड. ग्राफिक. बटण. चित्रांची सुबक बटणं होती, पण नाव कोणी दिलेलंच नव्हतं. ती म्हणाली, “ताई, मी तिसरं बटण दाबते, ते बहुतेक परत जायचं असतं.” तिसरं बटण उत्तरपत्रिका जमा करायचं निघालं. पन्नासातले सात प्रश्न झाले होते. तिने फोन पालथा ठेवला आणि चहा टाकायला उठली.

तर पहिलं काम, प्रत्येक बटणाला आणि प्रत्येक रकान्याला नाव. दुसरं, खरी शीर्षकं. अक्षर मोठं आणि ठळक केलं म्हणून ते शीर्षक होत नाही, कोडमध्ये ते शीर्षक म्हणून नोंदवावं लागतं. एनव्हीडीए वापरणारा एच दाबत दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो, टी दाबून तक्त्यावर जातो, बी दाबून बटणावर. शीर्षकंच नसतील तर त्याला वरपासून खालपर्यंत सगळं ऐकत बसावं लागतं, रोज, दर पानावर. तिसरं, ‘इथे क्लिक करा’ या नावाचे दहा दुवे एका पानावर ठेवू नका. मुलं दुव्यांची यादी वेगळी काढून ऐकतात, तेव्हा दहा वेळा ‘इथे क्लिक करा’ ऐकू येतं. चौथं, ती मध्येच उगवणारी दिवाळी ऑफरची चौकट. डोळ्यांना ती समोर दिसते, पण स्क्रीन रीडर पुष्कळदा मागच्याच पानावर अडकून राहतो आणि मुलाला कळतच नाही की काही का दाबलं जात नाहीये. चौकट उघडली की फोकस (कीबोर्ड सध्या पानावर जिथे आहे ती जागा) तिच्यात गेला पाहिजे, एस्केपने ती बंद झाली पाहिजे आणि फोकस होता तिथे परत आला पाहिजे. माझं मत विचाराल तर ती चौकटच काढून टाका.

आमचे धडे मराठीत, नोट्स हिंदीत, मेनू इंग्रजीत. यात काही अडचण आहे का?

आहे, आणि ही खास आपल्या इंदूरची अडचण आहे. पुण्यातल्या माणसाला ती चटकन लक्षात येणार नाही.

मराठी आणि हिंदी दोन्हीची लिपी देवनागरी. अक्षरांवरून यंत्राला भाषा ओळखता येत नाही, ती तुम्हीच कोडमध्ये सांगायची असते: मराठीसाठी एमआर, हिंदीसाठी एचआय. आपल्याकडचे डेव्हलपर अख्ख्या साइटला एकतर इंग्रजीचा शिक्का मारतात, नाहीतर हिंदीचा. मग मराठी धडा हिंदी आवाजात वाचला जातो. ज्ञानेश्वरांचे ‘ग्यानेश्वर’ होतात, कृपाची ‘क्रिपा’ होते, चमचातला च हिंदी चम्मचसारखा होतो आणि वाक्य मराठी असूनही २५ चा आकडा ‘पच्चीस’ म्हणून कानावर पडतो. आमच्या मंडळाच्या वर्गात येणारी मुलं शाळेत हिंदी आणि घरी मराठी बोलणारी. ज्या उच्चारांसाठी आईबापांनी त्यांना रविवारी सकाळी उठवून बसवलंय तेच उच्चार यंत्र बिघडवून ठेवतं.

उपाय फुकटचा आहे. पानाची भाषा नीट लिहा आणि मध्येच दुसऱ्या भाषेतला परिच्छेद आला तर तेवढ्या तुकड्याला त्या भाषेचा शिक्का मारा. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये मराठी आहे. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण मुलं त्याला लवकर सरावतात. अँड्रॉइडवर गूगलचा मराठी आवाज त्या मानाने गोड आहे, मात्र तो फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन उतरवून घ्यावा लागतो. ‘मराठी आवाज कसा उतरवायचा’ एवढी एक सूचना तुमच्या मदतपानावर टाका.

नोट्सची पीडीएफ टाकतो. ती तर कॉम्प्युटरवरच टाइप केलेली असते ना?

कुठल्या फाँटमध्ये, हा खरा प्रश्न. आपल्याकडे टायपिंगवाल्याच्या दुकानात अजूनही कृतिदेव चालतो. त्यात ‘मराठी’ हा शब्द पडद्यावर मराठीच दिसतो, पण आत साठवलेला असतो ई, जे, के, बी, एच असा. फाँटने त्या इंग्रजी अक्षरांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, तो आतलं वाचतो. चाळीस पानांच्या नोट्स अशा ऐकून बघा एकदा. जुन्या श्रीलिपीतल्या फायलींचंही तेच.

ओळखायची सोपी रीत: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. देवनागरी उमटली तर बरं, इंग्रजी अक्षरांचा खिचडा उमटला तर ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे खरी देवनागरी अक्षरंच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. बदलून देणारी साधनं फुकट मिळतात, पण नंतर एकदा डोळ्यांखालून घालाच. जोडाक्षरं आणि रफार हटकून चुकतात.

दुसरा प्रकार त्याहून वाईट, तो म्हणजे वहीच्या पानांचे मोबाइलने काढलेले फोटो एकत्र करून केलेली पीडीएफ. तिच्यात मजकूरच नाही, नुसती चित्रं. स्क्रीन रीडर म्हणतो, ‘रिकामं पान’. ओसीआरने अक्षरं काढता येतात, देवनागरीलाही आता बरं चालतं. पण घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत होते. ‘घर’ची ‘धर’ झाली तर वाक्यावरून मुलं सावरून घेतात, सनावळीतला एक आकडा चुकला तर सावरायला काही नसतं. सनावळ्या आणि सूत्रं माणसानेच तपासावीत.

माझा सल्ला विचाराल तर पीडीएफचा हट्टच सोडा. साध्या वेबपानावर किंवा ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलीत नोट्स द्या. शीर्षकं, याद्या, तक्ते सगळं तिथे जास्त नीट राहतं. फोनवर अक्षर मोठं करून वाचणाऱ्यांनाही तेच सोयीचं.

चित्रं आणि नकाशे? त्यांचं काय करणार?

चित्राला पर्यायी मजकूर लिहायचा, त्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही, स्क्रीन रीडरला ऐकू येतो. इथे लोक दोन चुका करतात. एक, ‘इमेज २३’. दुसरी, ‘मध्य प्रदेशचा नकाशा’. दुसरी चूक जास्त सज्जन दिसते, म्हणून ती पकडली जात नाही. पण राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलाला ‘नकाशा आहे’ हे सांगून काय मिळालं?

स्वतःला विचारा, हा नकाशा या धड्यात का आहे? नद्यांसाठी असेल तर नद्या सांगा. उदाहरणार्थ: नर्मदा राज्याच्या पूर्वेला अमरकंटकला उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहते. तिच्या उत्तरेला विंध्य, दक्षिणेला सातपुडा. चंबळ महूजवळच्या जानापावच्या डोंगरात उगम पावते आणि उत्तरेकडे जाते. क्षिप्रा उज्जैनवरून जाऊन चंबळेला मिळते. एवढं ऐकलं की मुलाच्या मनात नकाशा उभा राहतो, आणि परीक्षेत विचारतात तेही हेच. असं लांबलचक वर्णन ऑल्टमध्ये कोंबू नका, नकाशाखाली सगळ्यांना दिसेल असं लिहा. डोळस मुलंही ते वाचतात हे मी पाहिलंय. तोच नकाशा जिल्ह्यांच्या धड्यात आला तर वर्णन वेगळं लिहायचं. नुसत्या शोभेच्या चित्राला, कोपऱ्यातल्या फुलाला, रिकामा ऑल्ट द्या म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून जाईल. रिकामा ठेवणं वेगळं आणि मुळातच न लिहिणं वेगळं. न लिहिल्यास तो फाइलचं लांबलचक नाव वाचत बसतो.

हाताला कळेल असा नकाशाही मुलांना लागतो. एका मास्तरांनी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून नर्मदा केली होती, विंध्य-सातपुड्याला तुरीच्या डाळीचे दाणे. ऑनलाइनच्या नादात ही सुतळी विसरू नका.

गणित ऑनलाइन शिकवता येतं?

येतं, पण सूत्रांचे फोटो टाकून येत नाही. सूत्र मॅथएमएलमध्ये, म्हणजे वेबपानावर गणित लिहायच्या कोडमध्ये, लिहिलं तर स्क्रीन रीडर ते तुकड्या-तुकड्याने ऐकवतो, आधी अंश, मग छेद, मग घात. लॅटेक या सूत्रं टाइप करायच्या पद्धतीत लिहिणाऱ्यांनी मॅथजॅक्स हा प्रोग्रॅम वापरावा, तो हे काम करून देतो. सूत्रं वाचण्याची सोय इंग्रजीत चांगली, आपल्या भाषांत अजून लंगडी आहे. म्हणून शिक्षकाच्या तोंडावर भार जास्त पडतो.

आणि तोंड कुठे घसरतं पाहा. ‘अ अधिक ब छेद क’ असं फळ्याकडे बघत म्हटलं की डोळस मुलाला अडचण नसते. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून दोन सूत्रं ऐकू येतात. छेदाच्या वर ‘अ अधिक ब’ दोन्ही आहेत की नुसता ‘ब’? ‘अंशात अ अधिक ब, अंश संपला, छेदात क’ असं बोला. आठवडाभर जीभ अडखळेल, मग सवय होईल. भूमितीच्या आकृत्यांना वर्णन आणि स्पर्शाची आकृती दोन्ही लागतात. आकडेमोडीसाठी मुलं टेलर फ्रेम (खाचांत खुंट्या बसवून आकडे मांडायची पाटी) किंवा अबॅकस वापरतात, ते त्यांच्याकडे आहे का ते विचारून घ्या.

आमचे व्हिडिओ आधीच रेकॉर्ड झालेत. दोनशेच्या वर आहेत. सगळे परत करायचे?

नाही हो. आधी दहा निवडा, सगळ्यात जास्त बघितले जाणारे, आणि डोळे मिटून ऐका. ‘हे इकडून इकडे नेलं की हे उडालं, आता हे याच्यात टाका’, असं जिथे जिथे ऐकू येईल तिथे दृष्टिहीन मुलगा वर्गाबाहेर गेला समजा. त्या जागांचा लेखी खुलासा व्हिडिओखाली टाका. अगदीच नाइलाज असेल तो व्हिडिओ परत करा.

पुढच्या प्रत्येक रेकॉर्डिंगला नियम एकच ठेवा: फळ्यावर जे लिहाल ते बोलत लिहा, आणि ‘हे’, ‘ते’, ‘इथे’च्या जागी नाव घ्या. शिक्षकाच्या बोलण्यातच सगळं आलं तर वेगळ्या ध्वनिवर्णनाची गरज राहत नाही. प्लेअरची बटणं कीबोर्डने चालतात ना, तेही बघा. व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद करा, कारण त्याचा आवाज आणि स्क्रीन रीडरचा आवाज एकमेकांत मिसळतात.

लाइव्ह क्लासमध्ये काय सांभाळायचं?

स्क्रीन शेअर केलेली स्लाइड मुलाच्या बाजूला व्हिडिओ म्हणून पोहोचते. स्क्रीन रीडरला त्यात एक अक्षर सापडत नाही. म्हणून फाइल आदल्या दिवशी पाठवा. चॅटचा प्रत्येक संदेश बोलून दाखवला जातो, तेव्हा साठ मुलांचं ‘गुड मॉर्निंग सर’ तुमच्या बोलण्यावर आदळतं. चॅट फक्त शंकांपुरती ठेवा. बोलणाऱ्याने आधी आपलं नाव सांगायचं. बस.

ऑनलाइन चाचणी घेताना?

इथे सगळ्यात जास्त पाणी मुरतं, कारण इथे वेळ मोजली जाते.

एका टेस्ट सिरीजमध्ये कोपऱ्यात घड्याळ होतं. ते ज्याने बनवलं त्याने मोठ्या प्रामाणिकपणे ‘दृष्टिहीनांना पण कळावं’ म्हणून बदल झाला की लगेच घोषणा होईल अशी सोय केली होती. बदल दर सेकंदाला होत होता. मुलगा प्रश्न वाचायला जायचा, ‘निम्नलिखित में से कौन’ एवढं ऐकू यायचं की आवाज तोडून घड्याळ बोलायचं: उनसठ मिनट अट्ठावन सेकंड. पुन्हा ‘निम्नलिखित’. उनसठ मिनट सत्तावन सेकंड. त्याने दहा मिनिटं झगडून हेडफोन काढला आणि मला म्हणाला, “दीदी, मेरे को टाइम पता है, सवाल पता नहीं है।” दुरुस्तीला डेव्हलपरला फार तर पाऊण तास लागला. घड्याळ गप्प ठेवायचं, तीस, दहा आणि पाच मिनिटं उरली की एकदाच बोलू द्यायचं आणि ‘किती वेळ उरला’ हे विचारायला एक बटण द्यायचं.

बाकीचं: प्रश्न आणि त्याचे चार पर्याय कोडमध्ये एका गटात बांधा, नाहीतर ‘ब. जबलपूर’ ऐकू येतं पण ते कुठल्या प्रश्नाखालचं हे कळत नाही. ‘जोड्या लावा’मध्ये ओढून नेण्याऐवजी यादीतून निवडायची सोय द्या. उत्तर बरोबर की चूक हे हिरव्या-लाल रंगावर सोडू नका, शब्दांत लिहा. जमा करण्यापूर्वी ‘नक्की?’ म्हणून विचारा. रामबागेची ती मुलगी आठवते ना.

जादा वेळ हा उपकार नाही. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत दर तासाला किमान २० मिनिटं भरपाईचा वेळ सांगितलाय. सराव चाचणीतही तो द्या, आणि विद्यार्थ्याच्या खात्यावर एकदाच नोंद करून ठेवा म्हणजे दर वेळी अर्ज लागणार नाही.

कॅप्चा आणि ओटीपीचं काय?

वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा म्हणजे दारावर ‘प्रवेश बंद’ची पाटी. आवाजी कॅप्चा असतात, पण ते बहुधा इंग्रजीत आणि गोंगाटात बुडालेले. काढून टाका, फसवे खातेदार रोखायचे दुसरे मार्ग आहेत. ओटीपीला तीस सेकंदांची मुदत फार कमी, आणि तो पेस्ट करता आला पाहिजे. फीच्या पानाची वेगळी तपासणी करा, ते पान बहुधा दुसऱ्याच कंपनीचं असतं.

मुलं मोबाइलवर शिकतात की कॉम्प्युटरवर?

माझ्या ओळखीतली बहुतेक अँड्रॉइड फोनवर, आणि तोही घरातल्या कोणाचा तरी जुना. त्यामुळे ॲप जड नको, धडे उतरवून ठेवता आले पाहिजेत. लांब उत्तरं लिहायची असतील तर मात्र कीबोर्ड लागतोच.

ज्यांना थोडं दिसतं त्यांचं?

दृष्टिबाधित म्हणजे पूर्ण अंधार असं नसतं, पुष्कळांना थोडंफार दिसतं. त्यांना ठळक फरक लागतो. वेबच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, डब्ल्यूसीएजीमध्ये, साध्या अक्षरासाठी तो ४.५ ला १ असा धरलाय. पांढऱ्यावर जिलबीच्या रंगाची अक्षरं यात नापास होतात, आणि आपल्या क्लासवाल्यांचा तो लाडका रंग आहे. पान ४०० टक्के मोठं केलं तरी डावी-उजवीकडे सरकवावं लागू नये. रात्री काळ्या पार्श्वभूमीवर वाचायची सोय ठेवा.

एका कंपनीने सांगितलं, एक ओळ कोड टाका, कोपऱ्यात निळा माणूस येईल, साइट आपोआप सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याजोगी, होईल.

पैसे वाचवा. तो निळा माणूस अक्षर मोठं करतो, रंग बदलतो; हे मुलांच्या फोनमध्ये आधीच असतं. नाव नसलेल्या बटणाला तो अंदाजाने नाव देतो, आणि कधी कधी स्क्रीन रीडरच्याच कामात लुडबूड करतो. अमेरिकेत २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने अशा एका कंपनीकडून खोट्या दाव्यांबद्दल दहा लाख डॉलर वसूल करायचा आदेश काढला. इंदूरमध्ये विकणारा भिया गोड बोलतो, एवढंच.

हे सगळं कायद्याने करावंच लागतं का?

दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्याचं ४२ वं कलम माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेबद्दल आहे. ८९ व्या कलमात दंड आहे, पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत, पुन्हा चूक केली तर पन्नास हजार ते पाच लाख. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे मानकही आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुडी खटल्यात सुगमतेचे नियम ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करायला सरकारला सांगितलं, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. डेव्हलपरला सांगताना ‘डब्ल्यूसीएजी २.२, डबल ए’ (डबल ए ही त्या नियमावलीची मधली पातळी) एवढं करारात लिहून घ्या. ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची आहे.

बाजारातली पुस्तकं स्कॅन करून मुलांना दिली तर कॉपीराइटचा प्रश्न येईल का?

२०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सवलत आली. दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या अभ्यासासाठी, किंवा ना-नफा संस्थेला, पुस्तक सुगम रूपात आणता येतं. तुम्ही नफ्यासाठी क्लास चालवत असाल तर मात्र परवान्याची वेगळी वाट आहे, सवलत आपोआप लागू होत नाही. दृष्टिहीनांना पुस्तकं सुगम रूपात मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय मराकेश करार २०१३ चा, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. खजुरी बाजारातून पुस्तक आणून स्कॅनरवर उलटं घालण्याआधी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात ते आहे का बघा. २०१६ पासून ते चालू आहे.

माझी मुलगी नववीत आहे. हे स्क्रीन रीडर आलं, मग ब्रेल कशाला शिकवायचं?

हा प्रश्न आई विचारतात, आणि उत्तर मी ठासून देते: शिकवा. नुसतं ऐकून शुद्धलेखन येत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच. ऐकून शिकलेल्या हुशार मुलांचे निबंध मी लेखनिक म्हणून लिहिलेत. शब्द कसा लिहायचा असं विचारलं की ती गप्प व्हायची, कारण तो शब्द त्यांनी कधी ‘पाहिलेला’च नव्हता, ना डोळ्यांनी ना बोटांनी.

आणि आपल्यासाठी एक सोय आहे. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये सारख्या उच्चाराच्या अक्षराला सगळ्या भारतीय भाषांत तेच टिंब असतात. इंदूरच्या शाळेत हिंदी ब्रेल शिकलेल्या तुमच्या मुलीला मराठीची अक्षरं पुन्हा गिरवावी लागत नाहीत. आजीने सांगितलेली गोष्ट तिला मराठीत उतरवून द्या, वाचेल ती.

फोनसाठी: आवाजाची दोन्ही बटणं एकदम काही सेकंद दाबून धरली की बऱ्याच अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक सुरू होतो. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, दोनदा टकटक केलं की उघडतं. आधी तुम्ही शिका, डोळ्यांना ओढणी बांधून.

तपासणी कोणाकडून करून घ्यायची? आमच्या डेव्हलपरने एक टूल चालवलं, ९८ गुण आले.

टूल ऑल्ट आहे की नाही एवढं बघतं. ‘इमेज २३’ हा ऑल्ट त्याला चालतो. घड्याळ दर सेकंदाला ओरडतंय हेही त्याला कळत नाही. टूल चालवा, मग स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या दोघा-तिघांना बोलवा, एक सराईत आणि एक नवशिका. ‘कसं वाटतंय?’ असं विचारू नका, आपली मुलं भिडेखातर ‘छान आहे सर’ म्हणतात. काम द्या: लॉगिन करा, तिसऱ्या धड्याची चाचणी द्या, निकाल सांगा. आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. प्रमाणपत्र आणि नारळ नको. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर हे परत करा, कारण बटणांची नावं गळून पडतात ती तेव्हाच.

खर्च?

नव्याने बांधताना फारसा जाणवत नाही. बांधून झाल्यावर दुरुस्त करायला जास्त लागतो, आणि त्यातही नावं-शीर्षकं स्वस्त, व्हिडिओ महाग.

तुम्ही येऊन बघाल का?

येते. एक लॅपटॉप तयार ठेवा, एनव्हीडीए आधीच टाकलेला, त्याचा स्पीच व्ह्यूअर चालू केलेला, म्हणजे तो काय बोलतोय ते तुम्हाला पडद्यावर वाचताही येईल. सोबत दोन हेडफोन, वायरचे. ज्याने कोड लिहिला तो डेव्हलपर समोर हवा, मॅनेजर नसला तरी चालेल. माझ्यासोबत जी मुलगी येईल तिच्या हातातला माउस कोणी धरू नये आणि ‘वर उजवीकडे आहे बघ’ असं कोणी म्हणू नये. सकाळी नऊला बसू, पोहे खाऊनच येऊ.